एका नटाचं चाक

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बंकटनानानं फसवलं. दोनच माणसं बसतात अशी, जमिनीला पोट लावून चालणारी परदेशी गाडी माझ्या दारात उभी होती, आणि तिचं चाक मी एकट्यानं काढून एकट्यानं बसवलं. नांदूरघाटच्या शिवारात तसली गाडी कुणी बघितली नसेल. तिचं चाक काढलेला माणूस तर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. ऐका एवढंच म्हणतो.

आता ही गोष्ट मी उगाच बसल्या बसल्या काढली नव्हती. तिला कारण घडलं कौशल्याबाईच्या अजिनाथचं.

कौशल्याबाईचं हॉटेल आमच्या वाडीच्या फाट्यावर आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी, गॅसची शेगडी आणि भज्यांची कढई. नवरा गेल्यावर तिनं त्या कढईवर पोरगा वाढवला. पोरगा आधी ट्रॅक्टरवर होता, मग कारखान्याला उसाचे ट्रक चालवले, आणि आता पुण्यात एका शेटच्या गाडीवर आहे. शेटला वेगाच्या गाड्यांचा नाद. कधी गोव्याला, कधी हैदराबादला अशा गाड्यांचे मेळे भरतात म्हणे. शेट विमानानं जातो आणि अजिनाथ त्याची गाडी रस्त्यानं नेऊन पोचवतो. येतानाही तसंच.

शेट नवी गाडी घेत होता. कंपनीनं विचारलं, चाकं नेहमीसारखी पाच बोल्टांची देऊ, का मधोमध एकाच नटाची? त्या एका नटाच्या चाकाला सेंटरलॉक म्हणतात. शेट अजिनाथला म्हणाला, मी नुसतं स्टेअरिंग धरतो, चाकांशी संसार तुझा. तूच ठरव आणि आज दुपारी मला फोन कर. ऐकायला हा मान वाटतो, पण त्यात मेख होती. अजिनाथच्या आधीचा ड्रायव्हर गाडी रस्त्यात अडली म्हणून घरी गेला होता. त्यात त्याची काय चूक, हे शेटनं विचारलं नव्हतं. उद्या अजिनाथनं पसंत केलेलं चाक रस्त्यात अडलं तर अजिनाथही घरी. घरी म्हणजे पुन्हा उसाच्या ट्रकवर.

तो आला होता गावच्या जत्रेला, पण जत्रेत त्याचं ध्यान नव्हतं. बाकड्यावर बसून फोनकडं बघत होता. समोरच्या चहावर साय धरली होती. मी विचारलं तसं त्यानं सगळं सांगितलं आणि फोटो दाखवला.

चाकाच्या मधोमध मुठीएवढा नट. गाडीच्या एका बाजूला तो लाल, दुसऱ्या बाजूला निळा, म्हणजे इकडचा तिकडं जाऊ नये. अजिनाथचं मन त्या नटाकडं ओढत होतं, ते लपत नव्हतं. शर्यतीच्या गाड्यांना हेच असतं, तो म्हणाला. तिथं डोळ्याचं पातं लवेपर्यंत चाक बदलतात. पाच बोल्ट गेले की चाकाचं वजन थोडं घटतं, गाडी वळणावर जरा लवकर ऐकते. आणि दिसायला तर. दिसायचं मात्र त्याला शब्दांत सांगता येईना. तो फोटोवरून अंगठा फिरवत राहिला.

बाजूच्या बाकड्यावर शहादेव बसला होता. शहादेवचा जन्म एसटीच्या डेपोत चाकं आवळण्यात गेला. आता पेन्शन खातो आणि दुसऱ्याचं बोलणं ढिलं करतो. त्यानं फोन हातभर लांब धरून फोटो बघितला.

“एकच नट?”

“एकच, काका.”

“आन् ढिला झाला मंग?”

अजिनाथनं सांगितलं की तसा तो होत नाही. नटाच्या पोटात स्प्रिंगची खिट्टी असते, नट बसला की ती आपोआप पुढं येते आणि नटाला फिरू देत नाही. शहादेवनं मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

“एसटीच्या चाकाला नटांचा गोतावळा असतो बे. त्यातला एक मेला तर बाकीचे डेपोपर्यंत आणतेत. तुझा हा एकुलता एक गेला का चाक तुझ्या आधी पुण्याला.”

मी हसलो. अजिनाथ हसला नाही. पोरगा इमानदार आहे. नटाच्या वाईट गोष्टीही त्यानं आपण होऊन सांगितल्या. साध्या बोल्टाला जेवढा जोर लागतो त्याच्या चौपट ह्या नटाला लागतो. सहाशे न्यूटन मीटर, असं त्याचं माप. त्याला पुरुषभर दांडीचा पाना पाहिजे आणि नटाच्या मापाची टोपी पाहिजे. ती टोपी दुकानात मिळत नाही, कंपनी देते. नटाला आधी वंगण लावायचं, मग आवळायचा, मग ढिला करायचा आणि पुन्हा आवळायचा. शेवटी खिट्टी बाहेर आली का, ते डोळ्यांनी बघायचं. रस्त्याकडेचा पंक्चरवाला हा नट बघितला की पाना हातात घेत नाही, पुढचं दुकान दाखवतो. पुढचा त्याच्या पुढचं.

“बीडात भेटतो का नट?” कौशल्याबाईनं कढईकडं बघतच विचारलं.

“बीडात कुठला, आई. मुंबईला बी सांगून ठेवावा लागतो.”

तिनं झाऱ्यानं भजी उलटली.

मला मात्र त्या पोराचं वाईट वाटत होतं. त्याला नट पाहिजे होता आणि शहादेव त्याला बोल्टाकडं हाकलत होता. म्हणून मी मध्ये पडलो. म्हटलं, बैलगाडीला काय असतं? मधोमध आस आणि आसाच्या टोकाला एक खीळ. एकच. आपल्या आज्या-पणज्यांनी त्या एका खिळीवर ज्वारी वाहिली, दगड वाहिले, नवऱ्या वाहिल्या. त्यांना काय पाच बोल्ट ठोकता येत नव्हते? त्यांनी तोलून-मापून एकच ठेवली. चाक काढायचं झालं तर खीळ उपसली की झालं.

“तुझी बैलगाडी बैलाच्या चालीनं जाती, बंकट,” शहादेव म्हणाला. “ही तीनशेनं पळती. बैलगाडीची खीळ पडली तर माणूस उतरून माघारी जातो आन् उचलून आणतो. ह्याला उतरायला सापडंल का?”

तिथं मी अडलो. आता माझा एक नियम आहे. वादात माणूस अडला की त्यानं अनुभव सांगावा. मुद्द्याला मुद्दा सापडतो, अनुभवाला कुणाकडं उत्तर नसतं. मी शांतपणे चहा संपवला आणि म्हणालो, असा नट मी स्वतः खोललाय.

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी सांगायला सुरुवात केली.

परवाच्या सालचा पौष. दिवाळी झाली की आमची वाडी कशी होते ते इथं सगळ्यांना माहीत आहे. मुकादमाचे ट्रक येतात आणि चुली, कोंबड्या, लेकरं, बैल सगळं घेऊन माणसं उसाला निघून जातात. घरांना कुलपं लागतात. त्या साली तर म्हातारेही गेलते, कारण कुणाची ना कुणाची नातवंडं सांभाळायला पाहिजे होती. मागं राहिलो मी. साऱ्या वाडीच्या किल्ल्या माझ्या करदोट्याला. चाललो की देवळातल्या घंटेसारखा वाजायचो. माझी हौश्या-मुक्याची बैलजोडीही मागंच राहिली होती. मुकादम ती नेत नाही. हौश्या समोरच्या गाडीतला ऊस खात खात चालतो, कारखान्यावर पोचेपर्यंत पुढच्याच्या वजनात घट येते आणि भांडणं लागतात.

तर त्या दिवशी रस्त्यावरून एक आवाज यायला लागला. पत्र्यावर नख ओढल्यासारखा, पण त्याहून मोठा. बघतो तर ही गाडी. रुंदीकरणाच्या कामाची खडी पसरली होती, त्यातला एक दगड उडून पुढच्या चाकात बसला होता. चाकाची रिंग आणि आतला ब्रेक ह्यांच्या मधल्या बोटभर फटीत. चाक फिरलं की दगड ब्रेकवर घासायचा.

“असं व्हतं,” अजिनाथ म्हणाला. “आमच्या बी गाडीत बसलता एकदा. चाक काढल्याशिवाय न्हाई निघत.”

पोरानं साक्ष दिली, त्यामुळं माझी गोष्ट बळकट झाली. मी पुढं सांगितलं. ड्रायव्हर खाली उतरला. अंगात पांढरा शर्ट, पायात पांढरे बूट. गाडीची डिकी पुढं आणि इंजिन मागं. डिकीतून त्यानं नटाची टोपी काढली, पण लांब दांडीचा पाना मुंबईलाच राहिला होता. वाडीत हाक मारायला चिटपाखरू नाही आणि फोनला रेंज नाही. तो बिचारा दांडी शोधायला फाट्याकडं चालत गेला. जाताना मला म्हणाला, बाबा, गाडीला हात लावू नका.

“आन् तू लावला,” शहादेव म्हणाला.

आता हात लावू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार. करदोट्याला साऱ्या वाडीच्या किल्ल्या होत्या, म्हणजे साऱ्या वाडीचं सामान माझ्या हाताशी होतं. सर्जेरावच्या घरातून ट्रॉलीचा जॅक काढला. सुग्रीवच्या घरामागं गुऱ्हाळाचा जुना चरक पडलेला आहे, त्याची चौकोनी टोकाची लोखंडी दांडी आणली. ती त्या टोपीच्या मागच्या भोकात अशी बसली की जणू परदेशातला माणूस सुग्रीवच्या चरकाचं माप घेऊन गेला होता. दांडी आखूड पडत होती म्हणून रतनबाईच्या घरचा बोअरचा पाइप तिच्यावर चढवला.

शहादेवनं मला इथं पकडायला बघितलं. ही गाडी जमिनीपासून चार बोटं, तिच्याखाली ट्रॉलीचा जॅक शिरलाच कसा? मला वाटलंच होतं हा विचारील. मी म्हटलं, पाटांवर चढवली. जेवायला बसायचे पाट. साऱ्या वाडीचे पाट गोळा करून एकावर एक रचले, त्यांचा उतार केला आणि हौश्या-मुक्यानं गाडी वर ओढली. मग खाली जॅक लावला आणि पुढचं चाक अधांतरी उचललं.  डेपोतल्या माणसाला पाटाचं नाही सुचत.

मग पाइपाच्या टोकाला कासरा बांधला आणि बैल जुंपले. टोपी दाबून नटावर बसवली, आतली खिट्टी मागं सरकली, आणि मी बैलांना हाक दिली. हौश्यानं मान खाली घातली, मुक्यानं खुर रोवले. पाइप वाकायला लागला. मग आतून कडाड असा आवाज आला आणि तो नट असा सैल झाला जसा नवरा बायकोच्या माहेरच्या दारात होतो. चाक उतरवलं. दगड काढला. तो दगड बघितला तर एवढासा, सुपारीएवढा.

“काढायचं एक राहू दे,” शहादेव म्हणाला. “बैलं काढतील. आवळायचा कसा? अंदाजानं? अजिनाथ म्हणतो सहाशे. जास्ती आवळला तर आटे गेले, कमी आवळला तर चाक गेलं. तुझ्या बैलाला आकडे येतेत का बे?”

ह्याच प्रश्नाची मी मनापासून वाट बघत होतो. मी म्हटलं, बैलाला येत नाहीत, खताच्या पोत्याला येतात. नटापासून पाइप मोजला आणि एक मीटरवर खडूची खूण केली. पाइप जमिनीला आडवा धरला आणि खुणेवर डीएपीचं पोतं टांगलं, पन्नास किलोचं, पारूबाईच्या घरातलं. वर दहा किलो बाजरी. पोत्यानं पाइप खाली खाली नेला आणि जिथं थांबला तिथं थांबला. म्हणजे माप झालं. नटाला आधी गाडीचं वंगण चोळलं होतं. एकदा आवळला, बैलांनी ढिला केला, पुन्हा पोत्यानं आवळला. टोपी काढली तर खिट्टी पुढं आलेली.

अजिनाथनं फोनवर हिशोब केला. ओठ हलवत हलवत त्यानं आकडे दाबले आणि मग माझ्याकडं बघितलं. तसं त्यानं आधी कधी माझ्याकडं बघितलं नव्हतं.

“नाना, बरोबर येतं. पाचशे अठ्ठ्याऐंशी.”

“बारा कमी हायत,” शहादेव म्हणाला.

“पाइपाला काय वजन न्हाई का?” मी म्हटलं.

त्यावर शहादेवनं डोक्यावरची टोपी काढून डोकं खाजवलं. डेपोत तीस वर्षं काढलेला माणूस, पण पोत्याच्या हिशोबात त्याला खोट काढता येईना. मला वाटलं, जिंकलो. मी आणखी थोडं तेल ओतलं. ड्रायव्हर संध्याकाळी हात हलवत परत आला, त्यानं चाक बघितलं, नटावर हात फिरवला, आणि माझ्या पाया पडायला लागला. मी म्हटलं, अरे पाया कावून पडतो, जा. गाडी सुरू केली तर आवाज नाही की काही नाही. गेवराईपर्यंत गेली असेल तेव्हा इकडं धूळ खाली बसली.

अजिनाथ आता उभा राहिला होता. तोंडावर वेगळीच टवटवी आली होती. तो मोठ्यानंच विचार करत होता. टोपी तर कंपनी देणारच. दांडी गाडीत ठेवता येईल, नसली तर कुठल्याही गावात पाइप मिळतो. पोतं कुठंही मिळतं. नानांनी पौषात, रिकाम्या वाडीत, एकट्यानं केलं, तर हायवेला काय अवघड. फायदे तर हातातलेच आहेत, हलकं चाक, शर्यतीचा नट. आणि शेटच्या गाडीची अशी चाकं असली की मेळ्यात माणसं आधी चाकाशीच वाकतात. त्यानं शेटचा नंबर काढला. अंगठा वर नेला.

मी समाधानानं भज्याचा तुकडा मोडला. पोराचं भलं होतंय आणि शहादेवचं तोंड बंद आहे, असा दिवस रोज येत नाही.

कौशल्याबाईनं गॅस बंद केला. कढईतला आवाज थांबला.

“थांब रे जरा,” ती अजिनाथला म्हणाली. मग पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “नाना, चाक वर उचललेलं व्हतं म्हणलात.”

“व्हतं की.”

“अधांतरी.”

“अधांतरीच. त्याबिगर निघंल कसं?”

“मंग बैलांनी पाइप वढला तर नटासंगं चाकच गरागरा फिरायचं. जमिनीला टेकलेलं न्हाई, त्याला धरून ठेवतंय कोण?”

मी म्हटलं, ब्रेक लावला होता.

“कुणी?”

“म्हणजी हँडब्रेक. वढून ठेवला व्हता.”

शहादेवनं बाकड्यावर थाप मारली. इतका वेळ गमावलेलं त्याला एका झटक्यात सापडलं. “पुढच्या चाकाला हँडब्रेक? बंकट, हँडब्रेक मागच्या चाकांना असतो बे. पुढचं धरायचं तर आत बसून पायानं दाबावा लागतो.”

मी अजिनाथकडं बघितलं. तो आपल्या बाजूनं बोलेल असं वाटलं. त्याचा अंगठा फोनवरच होता, पण तो फोनकडं बघत नव्हता. हळूच म्हणाला, कंपनीच्या वर्कशॉपात चाक काढताना दोघं असतात. एक पाना धरतो, एक आत बसून ब्रेक दाबतो. रोज बघतो, पण आत बसलेला माणूस काही करतोय असं कधी वाटलंच नाही.

मी घसा साफ केला. म्हटलं, आता हे सांगणार नव्हतो, पण मुक्या बैल फार शहाणा. पाइपाला खरं तर एकटा हौश्याच जुंपला होता. गाडीचं दार उघडं ठेवलं आणि मुक्याचा पुढचा उजवा खूर आत ब्रेकवर...

“नाना,” कौशल्याबाई म्हणाली, रस्त्यावर जाणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, “वाडीत चिटपाखरू नव्हतं, ड्रायव्हर फाट्यावर गेलता, आन् गाडीत तिसरं माणूस मावना तिथं बैल घालता व्हय? आत कुणी नव्हतं. अजिनाथ, रस्त्यात तुझ्या बी गाडीत दुसरं कुणी नसतं. लाव फोन आन् शेटला सांग, पाच बोल्टं. हे म्हातारं खोटं बोलतंय.”